वाकणारं अंग, उलटे जाणारे सांधे: सांगली-साताऱ्याची जुनी ओळख

डिसेंबर 2020 मध्ये केंद्र सरकारनं योगासनांना स्पर्धेचा खेळ म्हणून मान्यता दिली. पाठोपाठ खेलो इंडियात मल्लखांब आणि योगासनं दोन्ही आली. तेव्हापासून सांगली, मिरज, कराड, साताऱ्याच्या योगवर्गांतलं वातावरण बदललंय. पूर्वी तिथं कंबर धरलेली, निवृत्त झालेली मंडळी जास्त असायची. आता संध्याकाळच्या बॅचला आठ-दहा वर्षांच्या मुलींचे पालक मोबाइल घेऊन भिंतीला टेकून उभे असतात. खेळ म्हटला की गुण आले, आणि गुणांबरोबर ‘अजून थोडं खाली’ हेही आलं. ‘हाडं कोवळी आहेत तोवर वाकवून घ्या, नंतर काही होत नाही’ हे वाक्य या वर्गांत सर्रास ऐकू येतं. ते योगशास्त्रातून आलेलं नाही. त्याचा माग काढत गेलं तर वाट बऱ्याच अंशी सर्कशीच्या तंबूकडे जाते.

हिंदुस्थानातली पहिली देशी सर्कस काढणारे विष्णुपंत छत्रे मूळचे अंकलखोपचे. कुरुंदवाडच्या पटवर्धन संस्थानिकांकडे ते चाबुकस्वार, म्हणजे घोडे शिकवणारे, होते. जुझेप्पे किअरिनी नावाच्या इटालियनाची सर्कस मुंबईत आली, ती त्यांनी पाहिली आणि 1880 मध्ये स्वतःची ग्रेट इंडियन सर्कस उभी केली. नंतर म्हैसाळच्या देवलांची सर्कस निघाली, तासगावच्या परशुराम माळींची निघाली. तासगावला सर्कशीचं माहेरघर म्हणतात ते उगाच नाही. छत्र्यांशी गाठ पडल्यावर केरळातल्या थलशेरीच्या कीलेरी कुन्हिकण्णन यांनी कसरतपटू तयार करायला घेतले, पुढे शाळाही काढली, आणि हळूहळू सर्कशीचा सगळा धंदाच तिकडे गेला.

सर्कशीला घोडे आणि वाघ लागत, तसं एक ‘बोनलेस’चं आयटमही लागे. टेबलावर छातीवर झोपलेली मुलगी पाय मागून आणून डोक्यासमोर ठेवते, लोक टाळ्या वाजवतात. हे काम शिकणारी मुलं फार लहानपणी तंबूत यायची. त्याच्याही आधीपासून डोंबारी आणि कोल्हाटी कुटुंबांतली पोरं रस्त्यावर ढोलकीच्या तालावर कमान टाकत होती. दोन्हीकडे वाकणं पोटासाठीच होतं. सर्कशीतल्या मुलांच्या कामावर बंदी घालण्याचे आदेश सर्वोच्च न्यायालयानं द्यायला 2011 साल उजाडलं. ‘जुने लोक लहानपणीच वाकवायचे, बघा किती वाकायची ती पोरं’ हे कौतुक मला म्हणूनच पटत नाही. ज्यांची अंगं टिकली तीच खेळात दिसली. ज्यांची कंबर गेली त्यांना कोण बघायला गेलं होतं?

कोवळ्या हाडांबद्दलची समजूत अर्धी बरोबर आहे. मूल जास्त वाकतं हे खरं. पण वाढत्या वयात हाडाच्या टोकांशी वाढीचा मऊ भाग असतो आणि ताण तिथं आधी पोचतो. वारंवार मागं वाकणाऱ्या मुलांत कंबरेच्या मणक्याच्या मागच्या बारीक दुव्याला ताणाचा तडा जाऊ शकतो. जिम्नॅस्टिक्स करणाऱ्या मुलींत हे दुखणं नेहमीचं म्हणून ओळखलं जातं. मागं वाकताना कंबरेत एकाच बाजूला टोचतंय आणि दोन-तीन आठवडे हटत नाही, अशी तक्रार आली तर ‘अंग मोकळं होतंय’ म्हणून पुढं ढकलू नये.

तालमीची परंपरा याहून वेगळी. बाराव्या शतकात चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या मानसोल्लासात मल्लांच्या खांबावरच्या मेहनतीचा उल्लेख येतो. आज आपण जो मल्लखांब ओळखतो त्याला मात्र पेशवाईच्या अखेरीस दुसऱ्या बाजीरावाचे गुरू बाळंभटदादा देवधर यांनी रूप दिलं. सागवानी किंवा शिसवी खांब, त्याला एरंडेल तेल. मुलगा आधी मांड्यांनी खांब धरायला शिकतो. अढी, तेढी, बगली, दसरंग हे खांबावरचे प्रकार करत हात-पाय-पोट तयार होतं, आणि अवघड आसनं त्यानंतर येतात. यातली एक गोष्ट फारशी कुणी बोलून दाखवत नाही. खांबावर असलेल्या मुलाची कंबर मागून कुणी दाबू शकत नाही. तो वाकतो तितकं स्वतःच्या पकडीवर वाकतो, आणि परत येता येईल तितकंच वाकतो. जमिनीवरच्या चटईवर हा आपोआप मिळणारा लगाम नाही. तिथं मागून सर येतात, खांद्यांवर हात ठेवतात आणि वजन टाकतात.

कुस्तीच्या हौद्यातही सांध्याचा विचार होताच. गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांपासून कवठेपिरानच्या मारुती मानेंपर्यंत मोठे पैलवान दिलेल्या या पट्ट्यात ‘पडताना हात टेकू नको’ हा वस्तादांचा पहिल्या दिवसांतला धडा. सरळ ताणलेल्या हातावर अख्खं अंग आलं की कोपर उलटं जातं, कधी निखळतं. सांधा उलटा पिळणाऱ्या पकडी कुस्तीच्या नियमांतच बाद आहेत.

तिसरा धागा औंधचा. औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी (1868–1951) हे तरुणपणी सँडो या युरोपीय शरीरसौष्ठवपटूच्या पद्धतीचा व्यायाम करायचे. मिरजेच्या संस्थानिकांच्या सांगण्यावरून ते सूर्यनमस्कारांकडे वळले आणि मग इतके रमले, की संस्थानातल्या शाळांत नमस्कार रोजचे झाले आणि 1938 मध्ये त्यांच्या पद्धतीचं इंग्रजी पुस्तक लंडनहून निघालं. संस्थान विखुरलेलं होतं: औंध आज साताऱ्यात, आटपाडी सांगलीत. औंधच्या पद्धतीत मोल होतं ते संख्येला आणि नियमाला. किती वाकलास यापेक्षा किती घातलेस हा प्रश्न असे. स्पर्धेनं हे उलटं केलं आणि एकाच आकृतीच्या खोलीला गुण ठेवले.

त्याच नमस्कारातली भुजंगाची स्थिती एका मुलीच्या बाजूला बसून नीट पाहा. तळवे जमिनीवर, छाती वर, हात सरळ. बहुतेकींचे हात खांद्यापासून मनगटापर्यंत सरळ रेषेत येतात. एखादीचं कोपर तिथं थांबत नाही, ते पुढं सरकतं आणि हात उलट्या बाजूला धनुष्यासारखा वळतो. तिला काहीच दुखत नाही, उलट बरं वाटतं, कारण वजन स्नायूंवरून निघून सांध्याच्या कुलपावर गेलेलं असतं. वर्गात हीच मुलगी सर्वांत ‘लवचिक’ म्हणून पुढं बसवली जाते.

अशा सैल सांध्यांची मोजणी करायची सोपी रीत दक्षिण आफ्रिकेत काम करणाऱ्या बायटन आणि सहकाऱ्यांनी 1973 मध्ये मांडली. करंगळी मागं 90 अंशांपलीकडे जाते का, अंगठा मनगटाकडे वाकवून हाताला टेकतो का, कोपर आणि गुडघा 10 अंशांहून जास्त उलटा जातो का, हे दोन्ही बाजूंना पाहायचं. शेवटी गुडघे न वाकवता तळवे जमिनीला लागतात का. एकूण 9 गुण. वयात न आलेल्या मुलांत 6 किंवा जास्त आणि मोठ्यांत पन्नाशीपर्यंत 5 किंवा जास्त आले तर सांधे सैल समजतात. हा काही आजार नव्हे. पण त्याबरोबर सांधे वारंवार निखळत असतील, सतत दुखत असतील किंवा घरात आणखी कुणाला तसंच असेल, तर डॉक्टरांना दाखवावं. माझं मत असं, की कुठल्याही मुलाला स्पर्धेच्या गटात घेण्याआधी ही पाच मिनिटांची तपासणी व्हावी, आणि जास्त गुणांच्या मुलाला ताणाचे व्यायाम कमी, ताकदीचे जास्त द्यावेत. आपल्याकडे नेमकं उलटं होतं.

ताणानं नक्की काय होतं, याची समजही बदलत आली. रोज ताणल्यानं स्नायू रबरासारखा लांब होतो, असा समज बराच काळ होता. आता दिसतं ते असं, की पहिल्या काही आठवड्यांत वाढलेला पल्ला मुख्यतः सहनशक्तीचा असतो. मेंदू तो ताण चालवून घेऊ लागतो. हाडाला हाड जोडणाऱ्या अस्थिबंधांचं गणित निराळं. त्यातले कोलॅजेन या चिवट प्रथिनाचे तंतू थोडे नागमोडी असतात, ते सरळ होईपर्यंत लांबी मिळते. त्यापुढं थोड्याच टक्क्यांत तंतू तुटायला लागतात, आणि एकदा सैल पडलेला बंध पहिल्यासारखा घट्ट होत नाही. म्हणून मांडीच्या मागं मध्यावर येणारी ओढ आणि गुडघ्याच्या खोबणीत किंवा बैठकीच्या हाडापाशी येणारी कळ यांत फरक करायला मुलांना शिकवावं लागतं. पहिली चालेल. दुसरी आली, किंवा पायात मुंग्या आल्या, की तिथंच सुटायचं.

साताऱ्यासारख्या सैनिकांच्या जिल्ह्यात भरतीची तयारी करणाऱ्या पोरांना एक जुना अभ्यास सांगण्यासारखा आहे. ऑस्ट्रेलियात 1538 नव्या सैनिकांवर केलेल्या चाचणीत (2000 साली प्रसिद्ध) व्यायामाआधी स्थिर ताण दिल्यानं दुखापती कमी झाल्याचं दिसलं नाही. शिवाय एकाच स्थितीत मिनिटाहून जास्त ताणून धरलं तर लगेचच्या उडीला, धावेला जोर थोडा कमी पडतो. त्यामुळं धावण्याआधी हलतं-फिरतं अंग गरम करणं, आणि खोल ताण व्यायामानंतर किंवा वेगळ्या वेळी, हे बरं. ताणाचा डोसही फार लागत नाही. 10 ते 30 सेकंद, एका स्नायूला एकूण मिनिटभर, आठवड्यातून निदान दोन-तीनदा. हनुमानासनात (एक पाय पुढं, एक मागं पूर्ण पसरून बसायचं आसन) पुढची टाच विटेवर ठेवून खाली दाबायची नवी टूम आली आहे, तिच्यापासून मात्र लांब राहावं. टाच उंच आणि गुडघा अधांतरी, म्हणजे वरून येणारं सगळं वजन गुडघ्याला उलटं वाकवतं. दोन पायांतलं अंतर वाढवण्याआधी पुढची टाच जमिनीत रोवून मांडी स्वतः आवळता येते का ते पाहावं. येत नसेल तर तेवढा पल्ला अजून आपला झालेला नाही.

आता सांधा उलटा गेलाच, तर काय. इथं आपल्या भागाचा इतिहास जरा अवघड आहे. मिरजेत विल्यम वानलेस यांचं मिशन रुग्णालय 1894 मध्ये सुरू झालं आणि 1962 मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आलं. कर्नाटकातून रुग्ण मिरजेला येतात, आणि तरी मुरगळलेल्या हाताला पहिला हात लागतो तो हाडवैद्याचाच. काहींचा हात खरंच हलका असतो, जुन्या आखडलेल्या पाठीला त्यांच्याकडे आराम पडतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण ताजं कोपर हे त्यांचं काम नव्हे. दुखावलेल्या कोपराला तेल लावून रगडलं, जोर लावून वाकवलं-सरळ केलं, तर भोवतीच्या स्नायूत हाड धरू शकतं आणि कोपर कायमचं आखडू शकतं. बांबूच्या कामट्या घालून घट्ट बांधलं तर आतली सूज वाढते, रक्त पोचत नाही, आणि काही तासांत पंजा आखडायला लागतो. मुलाची बोटं दुसऱ्यानं हलकेच सरळ केली तरी ते किंचाळत असेल, बोटं बधिर किंवा फिकी पडत असतील, तर पट्टी तिथल्या तिथं सोडावी आणि गाडी काढावी.

गुडघ्याचंही असंच. उलटा जाताना ‘कट्’ असा आवाज आला आणि दोन-तीन तासांत गुडघा फुगला, तर आत रक्त साचलंय आणि मुख्य बंध फाटला असण्याची शक्यता मोठी. चार पावलं टाकता येत नसतील तर एक्स-रे हवाच. सर्वांत धोक्याचा प्रकार दिसायला साधा असतो: गुडघा निखळतो आणि आपोआप जागेवर बसतो. पोरगं ‘आता बरं आहे’ म्हणतं, पण मागची रक्तवाहिनी चेपलेली किंवा फाटलेली असू शकते. पाऊल गार पडलं, पांढुरकं झालं, घोट्याशी नाडी लागेना, तर पाय वाचवायला सहा-आठ तासच हातात असतात. जत किंवा आटपाडीहून मिरज गाठायचं तर त्यातले दीड-दोन तास रस्त्यातच जातात.

साध्या लचकीचा सल्लाही गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत फिरला आहे. अमेरिकन डॉक्टर गेब मर्किन यांनी 1978 मध्ये विश्रांती, बर्फ, दाब आणि उंचावर ठेवणं असं चार गोष्टींचं सूत्र दिलं. ते आपल्या शाळांच्या मैदानांपर्यंत पोचलं. पुढं मर्किन यांनीच बर्फ आणि पूर्ण विश्रांतीनं बरं होणं लांबू शकतं असं लिहिलं. आज सांगतात ते असं: पहिले दोन-तीन दिवस सांभाळायचं, उलटा जाणारा शेवटचा पल्ला टाळायचा, मालीश आणि शेक नाही, मग दुखणं बघत बघत लवकर हालचाल आणि ताकद. दुखलं तर बर्फ थोडा वेळ चालतो. उलट्या गेलेल्या गुडघ्याला मांडीच्या मागचे स्नायू तयार केल्याशिवाय पुन्हा चटईवर आणू नये, कारण पाय पुढं उलटा जाताना त्याला धरून ठेवणारे तेच. गुडघ्यातल्या पुढच्या मुख्य बंधाची शस्त्रक्रिया करावी लागली तर खेळात परतायला किमान नऊ महिने धरतात. जिल्ह्याची निवड चाचणी त्याआधी येते, आणि ‘फक्त एवढी स्पर्धा होऊ दे’ म्हणणारे पालक फिजिओच्या दारात असतातच. तिथं फिजिओ एका पायावर बैठक मारायला सांगतो. दुखऱ्या पायाचा जोर चांगल्या पायाच्या निदान 90 टक्के भरला नाही, तर उत्तर नाही असंच असतं.