पुढची चाकं मोकळी, गिअर मात्र लो

मे महिना सरत आला की किनाऱ्यावर सुक्या मासळीच्या वासात आणखी एक वास मिसळतो, जळक्या क्लचचा. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते, त्यामुळे त्याआधीच्या आठवड्यात ज्याला त्याला आपली होडी पाण्याबाहेर काढायची घाई. मोठ्या नौका खाडीत आत जाऊन विसावतात. फायबरच्या लहान होड्या मात्र ट्रॉलीवर चढतात आणि पिकअपच्या मागून वाडीत येतात.

मालवणजवळच्या एका धक्क्यावर गेल्या वर्षी हा सोहळा मी तासभर बघत बसलो होतो. सिमेंटचा उतार, वरच्या टोकाला काटकोनात वळण आणि वळणाला टेकून जांभ्याचा गडगा. रिकामी ट्रॉली रिव्हर्समध्ये त्या वळणातून खाली पाण्यात न्यायची. ज्याने हे कधी केलंय त्याला माहीत आहे, स्टिअरिंग डावीकडे फिरवलं की ट्रॉली उजवीकडे जाते, आणि चूक कळेपर्यंत ती गडग्याला लागलेली असते. उपाय एकच, मुंगीच्या पावलाने जाणं. पण पिकअपला मुंगीचं पाऊल ठाऊकच नसतं.

का ते साध्या आकड्यांत बघू. इंजिन कितीही हळू ठेवलं तरी मिनिटाला साधारण ८०० फेरे घेणारच, त्याखाली ते बंद पडतं. रिव्हर्स गिअर हे फेरे धरून चालू ३.८ पट कमी करतो, मागच्या एक्सलमधली दातेरी चाकांची जोडी, क्राऊन-पिनियन, आणखी ४.१ पट. चाकाला उरतात मिनिटाला ५१ फेरे. चाकाचा परीघ २.२ मीटर धरला तर गाडी ताशी पावणेसात किलोमीटरने मागे जाते. माणूस झपाझप चालतो त्याहून हे जास्त. मग ड्रायव्हर काय करतो? हाफ क्लच.

हाफ क्लच म्हणजे इंजिनाकडची तबकडी ८०० ने फिरतेय आणि गिअरबॉक्सकडची क्लच प्लेट ३२० ने, दोन्ही एकमेकींवर घासत. घासणाऱ्या दोन्ही बाजूंवर टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, सारखाच असतो, फरक फक्त वेगाचा. म्हणून हिशेब सोपा आहे: ८०० मधले ३२० पुढे गेले, उरलेले ४८० उष्णता झाले. क्लचपर्यंत पोचलेल्या ऊर्जेतला ६० टक्के भाग नुसता प्लेट तापवण्यात जातो. त्यात घाबरून अॅक्सिलरेटर दाबला, इंजिन १५०० वर नेलं, तर जवळजवळ ८० टक्के. तो वास येतो तो इथून.

फोर बाय फोर गाडीत यावर औषध असतं. गिअरबॉक्सच्या मागे ट्रान्सफर केस नावाची पेटी बसवलेली असते. तिची कामं दोन. एक, पुढच्या चाकांनाही ताकद पाठवणं. दुसरं, सगळ्या गिअरना एकदम आणखी खाली उतरवणं, बहुतेक गाड्यांत साधारण अडीच पट. हीच लो रेंज. आपल्या हिशेबात तीच गाडी, तेच इंजिन, क्लचवरून पाय पूर्ण काढलेला, आणि वेग ताशी २.७ किलोमीटर. मघाशी क्लच जाळून, प्लेट ३२० वर ठेवून जो वेग मिळवला, तोच इथे फुकट. लो रेंज म्हणजे जास्त ताकद असं आपण मानतो. ताकद वाढते हे खरंच, पण धक्क्यावर तिची खरी कमाई सावकाशीची आहे.

म्हणून त्या दिवशी एका तरुण ड्रायव्हरने लिव्हर 'फोर लो'वर टाकली आणि स्टिअरिंग पूर्ण कापून मागे निघाला. दोन-तीन मीटरवर गाडी कण्हायला लागली. पुढचं चाक कुईं कुईं करत सिमेंटवर घसटलं, मग गाडी आकसल्यासारखी थांबली. लिव्हर काढायला गेला तर ती निघेना. शेजारी बिडी ओढत उभे असलेले मेस्त्री म्हणाले, "पुढची चाकां मोकळी कर, मगे बघ."

वळणावर पुढची आणि मागची चाकं सारखं अंतर कापत नाहीत, हे सायकलवाल्यालाही कळतं. ओल्या पायवाटेवरून वळणाऱ्या सायकलच्या चाकोऱ्या बघा, पुढचं चाक नेहमी बाहेरून जातं. पिकअपची पुढची-मागची चाकं तीन मीटर अंतरावर आहेत आणि मागचा एक्सल सहा मीटर त्रिज्येने वळतोय असं धरलं, तर काटकोनी वळणात मागच्याचा रस्ता ९.४ मीटर, पुढच्याचा साडेदहा. फरक एक मीटर दहा सेंटिमीटर, म्हणजे चाकाचा अर्धा फेरा. डिफरन्शियल म्हणजे दोन बाजूंना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी दातऱ्यांची जोडणी. आता बहुतेक पिकअपच्या ट्रान्सफर केसमध्ये असं मधलं डिफरन्शियल नसतं. फोर व्हील टाकलं की पुढचा आणि मागचा प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे एक्सलपर्यंत ताकद नेणारे दांडे, एकमेकांना कडक बांधले जातात. चाकाचा अर्धा फेरा शाफ्टवर दोन फेऱ्यांचा होतो. एवढी तफावत कुठे जाणार? चिखलात, वाळूत चाक जरासं घसरतं आणि हिशेब मिटतो. कोरड्या सिमेंटवर टायर सोडत नाही. मग पिळलेल्या सुंभासारखा सगळा ताण शाफ्टांत, दातऱ्यांत साठतो. लिव्हर अडकते ती त्या पिळामुळे. थोडं पुढे घेऊन, स्टिअरिंग सरळ केलं की पीळ सुटतो आणि लिव्हरही.

मेस्त्रींनी जे सुचवलं ते असं. जुन्या जीपगाड्यांच्या आणि जिप्सीच्या पुढच्या चाकांच्या मधोमध हाताने फिरवायची एक चकती असते. तिला हब म्हणतात, दोनच खुणा, लॉक आणि फ्री. हब फ्री केले की लिव्हर फोर लोवर असली तरी पुढचा शाफ्ट नुसता हवेत फिरतो, चाक आपल्या मर्जीने. लो रेंज मिळते, पण ताकद मागच्या दोनच चाकांना. हाच 'टू लो'. एक सांभाळायचं, दोन्ही हब एकाच खुणेवर हवेत. एक लॉक आणि एक फ्री राहिला तर पुढच्या डिफरन्शियलमधली सगळी गती मोकळ्या बाजूला निघून जाते आणि ऐन चिखलात फोर व्हील असून नसल्यासारखं.

मग गाडी बनवणारे ही सोय सरळ लिव्हरवरच का देत नाहीत? विसरले म्हणून नव्हे. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपला मुख्य गिअरखेरीज दोन छोटे दांडे होते, एक पुढच्या एक्सलसाठी, एक हाय-लोसाठी. दांडे वेगळे, तरी आत अशी अडकण ठेवलेली होती की पुढचा एक्सल जोडल्याशिवाय लो पडूच नये. आपल्याकडे १९४७ पासून महिंद्राने विलीजच्याच जीप जुळवायला सुरुवात केली, आणि कोकणातल्या कितीतरी मेस्त्रींचं शिक्षण त्यांच्यावरच झालं.

अडकण कशासाठी? २०० न्यूटन-मीटरचं इंजिन म्हणजे एक मीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला वीस किलो वजन टांगल्यासारखं. पहिला गिअर, लो आणि क्राऊन-पिनियन यांतून ते जवळपास चाळीस पट होतं. मागच्या एक्सलला मिळतो पान्याच्या टोकाला ७९० किलो टांगल्याएवढा जोर. गाडी रिकामी असेल तर हा जोर लागतच नाही, त्याआधी टायर फिरकी घेतात आणि शाफ्ट वाचतो. मागच्या एक्सलवर दीड टन असेल तर कोरड्या सिमेंटवर टायर साधारण ४२० पर्यंत धरून ठेवतात. आणि आपल्या पिकअपवर आंब्याच्या पेट्या किंवा चिरे भरताना दीड टनावर कोण थांबतो? वजन वाढेल तशी टायरची पकड वाढते, सुटका कमी होते, आणि मग ज्याचं अंग नाजूक ते मोडतं: जॉइंटचा क्रॉस, हाफ शाफ्ट, नाहीतर क्राऊनचा दात. क्लच झटक्याने सोडला तर फ्लायव्हीलमध्ये, म्हणजे इंजिनाच्या टोकाच्या जड चाकात, साठलेली गतीही त्याच क्षणी येऊन आदळते, तिचा या आकड्यांत हिशेबच नाही.

खरं तर फोर लोमध्येही पुढची चाकं अधांतरी असली तर सगळा जोर मागेच येऊ शकतो. फरक इतकाच की फोर लो माणूस निसरड्यावर टाकतो, तिथे टायर आपोआप सुटतो. टू लो वापरायचा मोह होतो तो नेमका घट्ट जमिनीवर. माझं मत विचाराल तर या सोयीने ओढू नये, नुसतं सरकावं. रिकामी ट्रॉली वळणातून मागे घेणं हे तिचं काम. चिऱ्यांनी भरलेली गाडी घाटी चढवणं हे नव्हे.

उतरतानाचा मामला आणखी वेगळा. टू लोमध्ये इंजिनाचा ब्रेक फक्त मागच्या चाकांना लागतो. तोंड खाली करून उतरलं की वजन पुढे सरकतं, मागची चाकं हलकी होतात, आणि पावसात जांभ्याच्या लाल चिखलावर ती घसरून गाडी आडवी व्हायला वेळ लागत नाही. तिथे चारही चाकं हवीत. रिव्हर्समध्ये मात्र खालच्या अंगाला मागचाच एक्सल असतो, वजन त्याच्यावरच येतं, म्हणून तोच ब्रेक धक्क्यावर नीट काम देतो.

निदान शेवाळापर्यंत. धक्क्याच्या उतारावर भरतीचं पाणी जिथवर चढतं तिथे हिरवी रेघ असते. तिच्या वर सिमेंट खरखरीत, तिच्या खाली साबण लावल्यासारखं. होडी ट्रॉलीवर चढली की मागची चाकं त्या साबणावर असतात. डिफरन्शियल साधं असल्यामुळे एक चाक फिरकी घेऊ लागलं की दुसऱ्यालाही तेवढाच तुटपुंजा जोर मिळतो. पुढची चाकं मात्र रेघेच्या वर, कोरड्यावर. आता हब लॉक हवेत, आणि ओढायचं सरळ रेषेत असल्याने पीळही बसत नाही.

तो तरुण ड्रायव्हर त्या दिवशी चार वेळा खाली उतरला. वळणाआधी हब फ्री, पाण्याशी लॉक, होडी रेघेच्या वर आली की पुन्हा फ्री, आणि घरी जाताना लिव्हर हायवर. शेवटच्या खेपेला त्याने नुसता पाय काढून ठेवला होता, गाडी आपली आपण मागे सरकत होती, आणि तो खिडकीतून मान बाहेर काढून गडग्याकडे बघत होता. मेस्त्रींची दुसरी बिडी संपली होती.