हिवाळ्यात जागे असणारे कंद

सुरणकुलातल्या बहुतेक वनस्पती उष्ण आणि दमट प्रदेशातल्या. ऊब आणि पाऊस एकत्र आले की पानं काढायची, कोरडा काळ लागला की कंदात शिरून पडून राहायचं, असा त्यांच्यातल्या कंदवाल्यांचा शिरस्ता. भूमध्य समुद्राभोवती वाढणाऱ्या त्यांच्या भाऊबंदांनी मात्र हे वेळापत्रक पार फिरवलं आहे. तिथे ऊब आणि पाऊस एकत्र येतच नाहीत. क्रीट बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर ऑगस्टचं सरासरी तापमान २६ अंश सेल्सिअसच्या आसपास असतं, पण जून ते ऑगस्ट पावसाचा जवळपास पत्ता नसतो. पाऊस येतो तो हिवाळ्यात, जानेवारीचं सरासरी तापमान १२ अंशांवर असताना. म्हणून अरम, ड्रॅकुनक्युलस, बायरम, अरिसारम ही मंडळी उन्हाळाभर झोपतात आणि हिवाळ्यात वाढतात.

ही झाडं कुंडीत लावणाऱ्यांची नेहमीची तक्रार असते की पानं येतात, फूल येत नाही. त्यावर हमखास मिळणारा सल्ला म्हणजे, ‘थंडी कमी पडली असेल, कंद फ्रिजमध्ये ठेवा.’ हा सल्ला ट्यूलिपवरून उचललेला आहे. ट्यूलिपच्या कंदात फुलाची कळी उन्हाळ्यातच तयार होते आणि दांडा लांबायला पुढे बरेच आठवडे ५ ते ९ अंशांची थंडी लागते. तेवढ्या काळात जमिनीवर पान नसलं तरी ट्यूलिपचं काही अडत नाही. भूमध्यसागरी अरमला हिवाळा हाच वाढीचा हंगाम. त्या दिवसांत कंद कोरडा, अंधारात, फ्रिजच्या कप्प्यात पडून असेल तर थंडी मिळेल, पण कमाईचे महिने बुडतील. मला तर हा उपाय दुखण्यापेक्षा वाईट वाटतो.

मग थंडीचं काम काय? एक काम इशाऱ्याचं. शरद ऋतूत रात्री गार होऊ लागल्या आणि मातीत ओल आली की कंदाच्या माथ्यावर मुळं फुटतात. अरम इटालिकमची पानं ऑक्टोबरच्या सुमारास वर येतात. रात्री अजून उबदार असताना घाईने भरपूर पाणी घातलं, तर कंद जागा होण्याऐवजी कुजण्याचीच शक्यता जास्त.

दुसरं काम बचतीचं, आणि याच्याकडे फारसं कुणी लक्ष देत नाही. पान दिवसा साखर तयार करतं आणि रात्रंदिवस श्वसनात ती खर्च करतं. तापमान १० अंशांनी वाढलं की श्वसनाचा वेग साधारण दुप्पट होतो. हिवाळ्यातला उजेड मुळात कमी, त्यात रात्र २० अंशांची असेल तर दिवसाची मिळकत रात्री उडून जाते. देठ लांबुळके होतात, पानं लुळी पडतात आणि हंगामाच्या शेवटी कंद होता त्याहून लहान निघतो. रात्र ८-१० अंशांची असेल तर तीच साखर स्टार्च होऊन कंदात साठते. फूल यायचं की नाही हे बऱ्याच अंशी कंदाच्या आकारावर ठरतं. म्हणजे यंदा फूल का नाही, याचं उत्तर अनेकदा गेल्या वर्षीच्या पानांत असतं: ती किती महिने हिरवी राहिली, आणि लवकर आलेल्या उन्हाने ती अकालीच पिवळी पाडली का?

बर्फाची गरज यात कुठेच येत नाही. पण अरम इटालिकम कडाक्याची थंडी पचवतं, आणि ते बघण्यासारखं असतं. दहिवराच्या पहाटे त्याची पानं उकडल्यासारखी गडद होतात आणि देठासकट जमिनीवर लोळतात. झाड गेलं असंच वाटावं. पेशींच्या आतलं पाणी बाहेर पडून पेशींमधल्या फटीत गोठलेलं असतं, त्यामुळे पानाचा ताठपणा जातो. ऊन आलं की पाणी परत आत शिरतं आणि दुपारपर्यंत पान उभं. त्या अवस्थेत पानाला हात लावू नये, एवढंच पथ्य. किनाऱ्यालगत वाढणाऱ्या अरिसारम वल्गारेला इतकं सोसत नाही.

एकाच बेटावरही फरक पडतो. क्रीटमध्ये पिवळ्या, सुवासिक फुलांचं अरम क्रीटिकम आहे, तर अरम इडेअम उंच डोंगरांवर वाढतं, जिथे हिवाळाभर बर्फ असतो. त्यामुळे ‘भूमध्यसागरी’ एवढंच वाचून तापमान ठरवू नये. कंद किनाऱ्याचा की डोंगरावरचा हे विचारावं.

बायरम तर आणखी वेगळं. त्याचं फूल शरद ऋतूतच, पानांच्या आधी, थेट जमिनीला टेकून उमलतं. क्रीट आणि तुर्कस्तानात आढळणाऱ्या बायरम डेव्हिसीचा महाछद, म्हणजे फुलोऱ्याभोवतीचं आवरण, फुगीर मडक्यासारखा असतो, फिकट रंगाचा, गुलाबी ठिपक्यांचा. अशा झाडाला हिवाळ्याची थंडी देऊन फुलवण्याचा प्रश्नच येत नाही. त्याला हवा असतो आधीचा कोरडा, तापलेला उन्हाळा. उत्तर युरोपातले हौशी लोक बायरमच्या कुंड्या उन्हाळ्यात काचेखाली ठेवतात त्या थंडीसाठी नव्हे, पावसापासून वाचवण्यासाठी.

कुंडीचीही एक गोम आहे. रानात या वनस्पतींची आकुंचन पावणारी मुळं कंदाला वर्षागणिक खाली ओढतात. वीतभर खोल गेलं की दिवस-रात्रीच्या तापमानातला चढउतार बराच कमी होतो. कुंडीत तो आडोसा नसतो. थंडी आणि ऊन दोन्ही चहूबाजूंनी आत येतात. कंद खोल लावावा, आणि सुप्तावस्थेत काळी प्लास्टिकची कुंडी भर उन्हात ठेवू नये. उन्हाळा कोरडा हवा, भट्टी नको.

बियांपासून सुरुवात करायची तर बी शरदात, गर धुऊन काढून पेरावं, कारण रुजवण गारव्यातच होते. अरमचं बी रुजलं तरी पहिल्या हंगामात पान वर येईलच असं नाही. अरम मॅक्युलॅटम तर पहिलं वर्ष जमिनीखाली मूळ आणि चिमुकला कंद करण्यातच घालवतं. वर हिरवं काही दिसत नाही म्हणून ती कुंडी रिकामी करू नये.