फॉन्ट-संग्रहाचे व्यवस्थापन

फॉन्ट-संग्रहाचे व्यवस्थापन : संगणकाच्या कार्यप्रणालीबरोबर आलेल्या फॉन्टांखेरीज वापरकर्त्याने वेळोवेळी भर घातलेल्या फॉन्ट-फायली ओळखणे, त्यांची वर्गवारी लावणे, त्यांतील नकला व एकमेकींना छेद देणाऱ्या आवृत्त्या वेगळ्या काढणे आणि हातातील कामाला लागतील तेवढेच फॉन्ट चालू ठेवणे, या सर्व कामांचा या विषयात समावेश होतो. सॉफ्टवेअरला बाहेरून जोडायच्या पूरक फायलींचे प्रकार पुष्कळ आहेत. चित्रसंपादनाचे ब्रश, पानांचे तयार साचे, ध्वनिसंकलनाचे प्लगइन हे सगळे त्यांत मोडतात. ब्रश किंवा साचा हरवला तरी त्याच्या आधारे केलेले काम शाबूत राहते. फॉन्ट हरवला तर मात्र आधी टंकलेला मजकूरच वाचता येईनासा होण्याचा धोका असतो, आणि भारतीय लिप्यांच्या बाबतीत हा धोका रोजच्या व्यवहारातला आहे. म्हणून येथे फोल्डर सुबक दिसणे हा गौण हेतू आहे. जुने काम पुन्हा उघडता येणे हा मुख्य. संग्रह लावताना कोणती फाइल काढून टाकायची यापेक्षा कोणती काढायची नाही, हे आधी ठरवावे लागते.

फॉन्ट-फायलींचे प्रकार थोडक्यात सांगता येतील. पोस्टस्क्रिप्ट टाइप १ या जुन्या प्रकारात अक्षरांचे आकार एका फाइलीत व मापे दुसरीत असत, त्यामुळे जोडीतील एक फाइल हरवली की दुसरी निरुपयोगी ठरे. अ‍ॅपलने तयार केलेला ट्रूटाइप हा प्रकार १९९१ मध्ये बाजारात आला आणि १९९२ च्या विंडोज ३.१ पासून तो घरोघरी पोहोचला. मायक्रोसॉफ्ट व अडोबी यांनी १९९६ मध्ये ओपनटाइप जाहीर केला. भारतीय लिप्यांतील जोडाक्षरे, रफार आणि वेलांट्या जागच्या जागी बसवण्याचे नियम खुद्द फॉन्टातच साठवण्याची सोय त्यात आहे. अडोबीने आपल्या सॉफ्टवेअरमध्ये टाइप १ फॉन्टांनी मजकूर लावण्याची सोय जानेवारी २०२३ मध्ये काढून घेतल्यामुळे जुन्या संग्रहातील या फायली आता वेगळ्या कप्प्यात बांधून ठेवण्यापुरत्या उरल्या आहेत.

फाइलीचे नाव आणि फॉन्टचे नाव या दोन वेगळ्या बाबी आहेत आणि संग्रहातील निम्मा गोंधळ येथून सुरू होतो. प्रत्येक फॉन्ट-फाइलीच्या आत एक नामतक्ता असतो व त्यात कुलनाम, उपप्रकार, पूर्ण नाव, आवृत्ती-क्रमांक अशी माहिती नोंदलेली असते. कोरलड्रॉ किंवा इनडिझाइनसारखे पाने व चित्रे मांडण्याचे सॉफ्टवेअर हा तक्ता वाचते, फाइलीला दिलेले नाव नव्हे. त्यामुळे फाइलीचे नाव बदलून ‘लग्नपत्रिका ठळक’ असे केले तरी फॉन्टांच्या यादीत जुनेच नाव दिसते. उलट, वेगळ्या नावांच्या दोन फायलींच्या आत एकच नाव असेल तर त्यांपैकी एकच यादीत येते, आणि कोणती येईल याचा भरवसा नसतो. विंडोजच्या जुन्या पद्धतीत एका कुलात साधा, ठळक, तिरपा आणि ठळक-तिरपा असे चारच प्रकार धरले जात. म्हणून सात-आठ वजनांचे, म्हणजे बारीक ते जाड अशा सात-आठ पायऱ्यांचे, कुल काही सॉफ्टवेअरमध्ये एका नावाखाली दिसते, तर काहींत ते तीन-चार नावांखाली विखुरलेले आढळते.

सर्वांत महत्त्वाचे वर्गीकरण मात्र संकेतनाचे, म्हणजे फॉन्टातील कोणत्या घरात कोणते अक्षर बसवले आहे याचे आहे. भारतीय लिप्यांसाठी इस्की हे संकेतनाचे प्रमाण १९९१ मध्ये ठरले असले तरी डीटीपीच्या, म्हणजे संगणकावर छपाईची पाने लावण्याच्या, व्यवसायात प्रत्येक कंपनीने आपापली घरे आखली. श्रीलिपी, आकृती, सी-डॅक या सरकारी संस्थेच्या आयएसएम या टंकन-सॉफ्टवेअरबरोबर येणारे डीव्ही-टीटी मालेतील फॉन्ट, कृतिदेव या सर्वांत देवनागरीचे तुकडे रोमन अक्षरांच्या किंवा चिन्हांच्या जागी बसवलेले असतात, आणि या जागा एका मालेत एक तर दुसरीत दुसऱ्या. कृतिदेवचे उदाहरण घेतले तर रोमन ‘डी’च्या घरात क, ‘के’च्या घरात काना आणि ‘ई’च्या घरात म असतो; म्हणून ‘काम’ हा शब्द संगणकाच्या लेखी डी-के-ई अशी तीन रोमन अक्षरेच असतात. तो मजकूर कृतिदेव नसलेल्या यंत्रावर उघडला की ही तीन अक्षरे उघडी पडतात, आणि घाईत दुसरा एखादा देवनागरी फॉन्ट लावला तर त्यांतून भलतेच काही निपजते. अशा फाइलीत मजकूर आणि फॉन्ट वेगळे करता येत नाहीत; कुलूप आणि किल्ली यांचे नाते जसे असते तसे ते असते.

युनिकोड या जगभरच्या लिप्यांसाठीच्या सामाईक संकेतनाने ही अडचण मुळातून सोडवली. त्यात देवनागरीला स्वतःची घरे असल्याने फॉन्ट बदलला तरी रूप तेवढे बदलते, अक्षर बदलत नाही. विंडोज २००० बरोबर आलेला मंगल हा फॉन्ट रघुनाथ कृष्ण जोशी (१९३६–२००८) यांनी रेखला होता, आणि अनेकांच्या संगणकावर युनिकोड मराठीचा तो पहिला परिचय होता. गुजरातीसाठी विंडोज एक्सपीत श्रुती हा फॉन्ट आला. संग्रह लावताना युनिकोड आणि युनिकोडपूर्व असे दोन विभाग आधी करावेत, दुसऱ्या विभागात कंपनीवार किंवा मालेवार पोटविभाग पाडावेत, आणि जाड-बारीक, सुलेखनी-छापील असे रूपावरचे भेद त्यानंतरच विचारात घ्यावेत. रूपावरून केलेली मांडणी पाहायला सोयीची वाटते, पण तीत श्रीलिपीचा व कृतिदेवचा सुलेखनी फॉन्ट शेजारी येऊन बसतात आणि एकाच्या जागी दुसरा लावण्याचा मोह होतो.

युनिकोड फॉन्टांतही आवृत्ती पाहावी लागते. ‘ॲ’ हे अक्षर स्वतंत्र घरासह युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ या आवृत्तीत आले. रुपयाचे चिन्ह १५ जुलै २०१० रोजी भारत सरकारने स्वीकारले आणि त्याच वर्षीच्या ६.० आवृत्तीत त्याला जागा मिळाली. त्याआधीच्या फॉन्टांत या जागी रिकामी चौकट दिसते. मधल्या काळात फोरेडियन या कंपनीच्या एका फॉन्टाने हे चिन्ह कळफलकाच्या डाव्या वरच्या कोपऱ्यातील तिरप्या फटकाऱ्याच्या जागी बसवले होते आणि तो झपाट्याने पसरला. त्या काळातील दरपत्रके आज उघडली तर आकड्यांपुढे तो फटकाराच दिसतो आणि पाहणाऱ्याला ती टंकनाची चूक वाटते. मराठी वापरकर्त्याने आणखी एक गोष्ट तपासायला हवी. ल आणि श यांची मराठी वळणे हिंदी वळणांपेक्षा वेगळी आहेत. चांगल्या ओपनटाइप फॉन्टात दोन्ही असतात, पण मजकुराची भाषा मराठी अशी निवडल्याशिवाय मराठी वळण उमटत नाही. काही फॉन्टांत ते नसतेच. ‘सुऱ्या’, ‘वऱ्हाड’ यांतील अर्धा र जुळतो की नाही, हेही एखादी ओळ टंकून पाहावे आणि नोंदवहीत लिहून ठेवावे.

वडोदऱ्यात या विषयाला वेगळे वळण मिळते, कारण तेथील मराठी मजकूर क्वचितच एकटा छापला जातो. दांडिया बाजार, रावपुरा या भागांत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी कुटुंबांच्या लग्नपत्रिकेत घरच्या मंडळींसाठी मराठी, शेजारी-व्यवहारातल्यांसाठी गुजराती आणि पुढच्या पिढीसाठी इंग्रजी असा तिहेरी मजकूर घालावा लागतो. देवनागरीला शिरोरेषा आहे, गुजरातीला नाही. म्हणून एकाच मापात लावलेल्या ओळींचा भार सारखा दिसत नाही आणि जोडीला शोभेल असा फॉन्ट शोधावा लागतो. युनिकोडपूर्व गुजराती फॉन्टांच्याही स्वतंत्र माला आहेत. एलएमजी अरुण व टेराफॉन्ट वरुण ही त्यांतली सर्रास आढळणारी नावे होत. त्यामुळे येथील जुन्या संग्रहात देवनागरीच्या घरांचा घोळ एक आणि गुजरातीच्या घरांचा दुसरा, असा दुहेरी हिशेब ठेवावा लागतो. ‘॥ श्री गजानन प्रसन्न ॥’ मधील दुहेरी दंड युनिकोडमध्ये देवनागरीच्या घरांतच आहे आणि इतर भारतीय लिप्यांनीही तोच वापरायचा असतो. गुजराती फॉन्टात तो भरलेला नसेल तर सॉफ्टवेअर गुपचूप दुसऱ्याच फॉन्टातून तो उचलते आणि मंगलाचरणाच्या ओळीत दोन जाड्या रेघा उपऱ्यासारख्या उभ्या राहतात.

नवे मुक्त फॉन्ट वापरताना नावे फसवी ठरतात. इंडियन टाइप फाउंड्रीच्या हिंद या मालेतील ‘हिंद वडोदरा’ हा फॉन्ट गुजराती व रोमन लिप्यांचा आहे. त्यात देवनागरी नाही, आणि त्याचे देवनागरी भावंड नुसते ‘हिंद’ या नावाने मिळते. एक टाइप या मुंबईच्या संस्थेच्या मुक्त या फॉन्टाची गुजराती जोडी ‘मुक्त वाणी’ आहे, तर बलूची ‘बलू भाई’. अकारविल्हे यादीत ही भावंडे दूर जाऊन पडतात. म्हणून प्रत्येक कुलापुढे त्यातील लिप्या आणि अन्य लिपीतील जोडीदार यांची नोंद करणे, हे वडोदऱ्यासारख्या ठिकाणी वेळ वाचवणारे काम आहे.

एक फाइल एकाच फोल्डरात ठेवता येते, पण ती अनेक कारणांनी शोधली जाते. हाच पेच ग्रंथालयांना पूर्वीपासून माहीत आहे. सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांनी १९१० मध्ये अमेरिकेहून विल्यम बॉर्डन या ग्रंथपालांना बडोद्यात आणले, त्यांच्या हातून राज्याच्या ग्रंथालयव्यवस्थेची उभारणी झाली आणि बडोद्यासाठी स्वतंत्र वर्गीकरणही तयार झाले. फडताळावर पुस्तकाची जागा एक, पण सूचीत त्याची कार्डे अनेक, हे ग्रंथालयाचे सूत्र फॉन्टांनाही लागू पडते. फोल्डर संकेतनाप्रमाणे पाडावेत. लिपी, वळण, वजन, परवाना आणि कोणत्या ग्राहकाच्या कामात वापरला हे सारे फाइलीला लावायच्या खुणांवर (टॅग) किंवा साध्या स्प्रेडशीटवर सोपवावे. फोल्डरात फोल्डर घालत बसणारे बहुधा तिसऱ्या पातळीवर स्वतःचीच पद्धत विसरतात.

सगळे फॉन्ट एकदम इन्स्टॉल करणे ही सर्वत्र आढळणारी सवय आहे. हजारो फॉन्ट चालू असले की सॉफ्टवेअर उघडायला वेळ लागतो, यादी संपता संपत नाही आणि नामसाधर्म्याचे तंटे वाढतात. फॉन्ट-व्यवस्थापक सॉफ्टवेअर यासाठीच असते. मॅकवर फॉन्ट बुक कार्यप्रणालीबरोबरच येते. विंडोजवर नेक्ससफॉन्ट किंवा फॉन्टबेस वापरता येते. नेक्ससफॉन्ट फोल्डरातील फॉन्ट इन्स्टॉल न करता दाखवते आणि ते सुरू असेपर्यंत इतर सॉफ्टवेअरलाही पुरवते. कोरलड्रॉच्या जुन्या आवृत्त्यांबरोबर बिटस्ट्रीम फॉन्ट नेव्हिगेटर येत असे. २०१६ च्या एक्स८ पासून कोरलचा स्वतःचा फॉन्ट मॅनेजर आला. कायमचे इन्स्टॉल करायचे फॉन्ट शंभराच्या आत ठेवणे बहुतेकांना झेपते आणि पुरतेही.

काम दुसऱ्या यंत्रावर पाठवताना छापखान्यांत ‘फाइल कर्व्ह करून पाठवा’ असे सांगितले जाते, म्हणजे अक्षरांचे रूपांतर रेषाकृतींत करून टाकायचे. यामुळे फॉन्टची गरज संपते, पण मजकूरही संपतो. मुहूर्ताची वेळ बदलली तर तो आकडा पुन्हा टंकता येत नाही. म्हणून कर्व्ह केलेली फाइल नेहमी दुसऱ्या नावाने साठवावी, मूळ फाइल अबाधित ठेवावी. इनडिझाइनमध्ये पॅकेज ही आज्ञा दिली की कामात वापरलेले फॉन्ट दस्तऐवजाशेजारील ‘डॉक्युमेंट फॉन्ट्स’ या फोल्डरात गोळा होतात आणि दस्तऐवज उघडताना तेथूनच आपोआप घेतले जातात. कोरलड्रॉ वापरणाऱ्यांनी हाच शिरस्ता हाताने पाळणे हिताचे : प्रत्येक कामाच्या फोल्डरात त्या कामाचे फॉन्ट. जागा थोडी अधिक लागते, पण पाच वर्षांनी तीच पत्रिका धाकट्या भावासाठी उघडायची वेळ येते तेव्हा शोधाशोध वाचते.

नकला काढताना नावावर विसंबू नये. दोन फायली अक्षरशः एकच आहेत का, हे त्यांच्या हॅशवरून, म्हणजे फाइलीतील प्रत्येक बाइटवरून काढलेल्या ठशावरून ठरते; ठसे जुळले तर एक निर्धास्त काढता येते. नाव तेच पण ठसे वेगळे असतील तर त्या दोन आवृत्त्या असतात, आणि जुनीवर एखादे काम अवलंबून असू शकते. नव्या आवृत्तीत अक्षरांच्या रुंदीत थोडा जरी फरक झाला तरी ओळी नव्याने तुटतात आणि बत्तीस पानांची पुस्तिका तेहतीस पानांची होते. अशा जुन्या आवृत्त्या बंद ठेवाव्यात, पुसू नयेत.

परवान्याची नोंदही संग्रहाचा भाग मानली पाहिजे, जरी व्यवहारात ती सर्वांत दुर्लक्षित असते. मुक्त फॉन्टांपैकी बरेच एसआयएल ओपन फॉन्ट परवान्याखाली येतात. त्यांचा व्यावसायिक वापर, वाटप व बदल यांना मुभा आहे, मात्र फॉन्ट सुटा विकता येत नाही. विकत घेतलेल्या फॉन्टांना यंत्रसंख्येची मर्यादा असू शकते, आणि पेन ड्राइव्हवरून या दुकानातून त्या दुकानात गेलेल्या संग्रहाचा मूळ परवाना कोणाकडे आहे हे शोधूनही सापडत नाही. अनोळखी ठिकाणाहून उचललेल्या फॉन्टांत सुरक्षिततेचाही प्रश्न असतो : २०११ मध्ये उघडकीस आलेल्या डुकू या घुसखोर प्रोग्रामने विंडोजच्या ट्रूटाइप फॉन्ट वाचण्याच्या यंत्रणेतील त्रुटीचाच वापर केला होता.

युनिकोडपूर्व मजकूर युनिकोडमध्ये आणणारे परिवर्तक उपलब्ध आहेत. त्यांचा निकाल साध्या शब्दांत चांगला येतो. रफार, ऱ्हस्व वेलांटी आणि क्वचित वापरली जाणारी जोडाक्षरे यांत तो घसरतो, कारण जुन्या फॉन्टांत ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी टंकलेली असते आणि परिवर्तकाला ती मागे न्यावी लागते. रूपांतरित मजकूर मुद्रितशोधकाच्या हातून गेल्याशिवाय मूळ फाइल आणि तिचा फॉन्ट निकालात काढता येत नाही. वडोदऱ्यात गायकवाडी दप्तरातील मोडी कागदांवर काम करणाऱ्यांसाठी ही वाट आणखी अरुंद आहे. मोडीला युनिकोडमध्ये जागा २०१४ च्या ७.० आवृत्तीत मिळाली आणि तीही मूळ पासष्ट हजार घरांच्या पलीकडच्या प्रदेशात. त्यामुळे जुने सॉफ्टवेअर मोडीचा योग्य फॉन्ट असूनही चौकटीच दाखवते. अशा कामात युनिकोड मोडीचा फॉन्ट, देवनागरीच्या घरांत मोडीची वळणे बसवलेला जुना फॉन्ट आणि त्या त्या फॉन्टात टंकलेल्या लिप्यंतरांच्या प्रती या तिन्ही एका कप्प्यात, पण स्पष्ट खुणा करून ठेवाव्या लागतात.