मुखकर्करोग : समाजगटनिहाय प्रमाण

ओठ, जीभ, हिरड्या, गालाची आतली बाजू व टाळू यांच्या कर्करोगाचे प्रमाण सर्व वंशांत व धर्मसमूहांत सारखे नसते. हा फरक रक्ताचा की सवयीचा, याबद्दल मतभेद आहेत. मुखकर्करोगापुरता पुरावा सवयीकडे झुकतो. मलेशिया, दक्षिण आफ्रिका व ब्रिटनमध्ये स्थायिक झालेल्या भारतीयांपैकी विडा-तंबाखू चघळणाऱ्यांत हा रोग अधिक आढळला. मुंबईच्या कर्करोग-नोंदणीत (१९६३ पासून) पारशांत तो कमी भरला. त्या समाजात धूम्रपान धर्मदृष्ट्या निषिद्ध मानतात. नाकामागच्या घशाच्या कर्करोगाला मात्र हा नियम लागत नाही. दक्षिण चीन व नागालँडमध्ये विशेष आढळणाऱ्या या रोगात एपस्टाइन-बार विषाणू व आनुवंशिकता या दोहोंचा वाटा मानावा लागतो.

मराठवाड्यासाठी मुख्य ग्रामीण आधार बार्शीच्या नोंदणीचा (१९८७). बार्शी सोलापूर जिल्ह्यात असली, तरी धाराशिवचे भूम व परंडा हे तालुके तिच्या क्षेत्रात येतात. तक्ते वय, लिंग व अवयवानुसार असल्याने जातवार विधाने टाळलेली बरी. पुरुष चुना लावून मळलेल्या तंबाखूचा बार गाल व हिरडीच्या बेचक्यात धरतात. पुष्कळदा व्रण तेथेच उठतो. बायकांत मिश्रीची चाल आहे : तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजून तिची पूड दातांना लावतात.

सुपारीमुळे गालाची अंतस्त्वचा पांढुरकी, ताठर होते आणि तोंड उघडेनासे होते; तीन बोटे उभी जाण्याऐवजी एखादेच जाते. सुपारीतील अरेकोलिन या द्रव्यामुळे कोलॅजन (ऊतींतील तंतुमय प्रथिन) वाढते आणि तिच्यातील तांब्यामुळे त्याचे धागे घट्ट सांधले जातात, अशी उपपत्ती आहे. या कर्करोगपूर्व अवस्थेचे पहिले आधुनिक वर्णन श्वार्ट्झ यांनी १९५२ मध्ये पूर्व आफ्रिकेतील भारतीय स्त्रियांवरून केले. भारतात जोशी यांनी १९५३ मध्ये. काही लेखक ती सुश्रुतसंहितेतील ‘विदारी’शी जोडतात. परंतु तेथे घशातील दाह, सूज व सडके मांस वर्णिले आहे, रुग्ण ज्या कुशीवर निजतो त्या बाजूस विकार अधिक असेही म्हटले आहे. ताठरपणाचा उल्लेख नाही. त्यामुळे हे समीकरण ओढूनताणून केलेले वाटते.

तंबाखू नसलेली सुपारीही कर्करोगकारक असल्याचे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ च्या प्रबंधात नोंदविले. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटखाबंदी आहे. साधी सुपारी व मळायची तंबाखू मात्र पानटपरीवर उघड मिळते.