लेझर नुसता बघत नाही
२८ फेब्रुवारीचा विज्ञान दिन आपण शाळेपासून साजरा करतो, पण १९२८ साली कोलकात्यात सापडलेला तो रामन परिणाम मुळात किती नाजूक आहे हे फारसं कुणी सांगत नाही, रेणूंवर साधारण कोटीभर फोटॉन, म्हणजे प्रकाशाचे कण, पाडले तर एखादाच रंग बदलून परत येतो, आणि त्या बदलावरूनच रेणू ओळखायचा. त्यामुळे धातूवर चिकटलेला रेणूंचा एक पातळ थर असा बघता येईल असं कुणाला वाटलंच नव्हतं.

१९७४ मध्ये साउदॅम्प्टनला फ्लाइशमन, हेंड्रा आणि मॅकक्विलन यांनी चांदीचा इलेक्ट्रोड खरखरीत केला, हेतू साधा, पृष्ठभाग वाढला की पिरिडीन, म्हणजे तपासायचा रेणू, जास्त बसेल. सिग्नल मिळाला आणि श्रेय गेलं वाढलेल्या जागेला. १९७७ मध्ये अमेरिकेत जीनमेअर आणि व्हॅन डाइन, इंग्लंडात आल्ब्रेख्ट आणि क्रेइटन, दोन्हीकडे वेगवेगळा हिशोब झाला आणि जागेचं गणित जुळेचना, वाढ लाखपटीच्या घरात होती! पुढे उलगडलं की चांदीच्या बारीक उंचवट्यांवर प्रकाशामुळे इलेक्ट्रॉन एकत्र हेलकावतात, तेच प्लाझमॉन, आणि त्यांच्यामुळे तिथला प्रकाश कैकपट तीव्र होतो. म्हणून मोजताना चांदीला हिरवा लेझर चालतो, सोनं-तांब्याला लाल लागतो.

पण मला सगळ्यात भारी वाटते ती खरखरीत करायची पद्धत. पोटॅशियम क्लोराइडच्या पाण्यात व्होल्टेज वर नेलं की चकचकीत चांदीवर सिल्व्हर क्लोराइडचा थर चढतो, खाली आणलं की त्याची परत चांदी होते, पण आता बारीक दाणेदार, निस्तेज. आणि सिल्व्हर क्लोराइड म्हणजे जुन्या फोटोच्या कागदावरचंच रसायन, उजेड लागला की बदलणारं! १९८२ च्या सुमारास येल विद्यापीठात रिचर्ड चँग यांच्या गटाने दाखवलं की याच फेरीत लेझर चालू ठेवला तर पृष्ठभागाची ठेवण बदलते आणि सिग्नलही वाढतो. म्हणजे मोजायला आणलेला प्रकाश इलेक्ट्रोड घडवायलाही हात लावत होता.

त्याहून मोठा धक्का २०१० ला. पॅरा-अमिनोथायोफिनॉल हा सगळ्यांचा आवडता नमुना रेणू, त्याच्या रामन आलेखातले १४४० सेमी⁻¹ च्या आसपासचे जोरदार पीक, म्हणजे उंच टोकं, धातू आणि रेणूतल्या इलेक्ट्रॉनच्या देवाणघेवाणीमुळे येतात असं बरीच वर्षं धरलं होतं. चीनमधल्या शियामेनच्या गटाने दाखवलं की ते पीक मूळ रेणूचे नाहीतच, मोजता मोजता दोन रेणू नायट्रोजनच्या जोडीने जोडले जाऊन नवंच अझो संयुग तयार होतंय, आणि ते घडवतोय लेझरच. तोच नमुना, तोच इलेक्ट्रोड, नुसती लेझरची पॉवर वाढवली तरी हे पीक बाकीच्यांच्या तुलनेत उंच होत जातात.