गोळी संथ कशी झाली

मार्च २०२३. 'जॉन विक : चॅप्टर ४' थिएटरात पाहत होतो. पॅरिसमधल्या एका पडक्या इमारतीत किआनू रीव्हज शिरतो आणि कॅमेरा वर चढत चढत छताच्या जागी जाऊन थांबतो. मग पुढची काही मिनिटं आपण घराचा नकाशा पाहावा तशा खोल्या वरून बघत राहतो. भिंतींच्या रेषा, दारं, या खोलीतून त्या खोलीत सरकणारा एकटा माणूस आणि त्याच्या बंदुकीतून उडणारे आगीचे फवारे. मध्ये कट दिसत नाही. शेजारी बसलेला मित्र कुजबुजला, "अरे, हा तर गेम आहे."

त्याचं बरोबर होतं. दिग्दर्शक चॅड स्टाहेल्स्की यांनी मुलाखतीत सांगितलं, की हा प्रसंग त्यांना 'द हाँगकाँग मॅसेकर' या २०१९ च्या गेमवरून सुचला. व्रेस्की नावाच्या छोट्या स्टुडिओचा हा गेम. वरून दिसणाऱ्या खोल्या, दोन्ही हातांत पिस्तुलं, आणि एक बटण दाबून ठेवलं की सगळं जग संथ होतं. हा गेम उघडपणे जॉन वू यांच्या हाँगकाँगमधल्या चित्रपटांवर बेतलेला. आणि स्टाहेल्स्की कोण? १९९९ च्या 'द मॅट्रिक्स'मध्ये रीव्हजच्या जागी उड्या मारणारा स्टंट डबल. म्हणजे या एका प्रसंगात हाँगकाँगचा सिनेमा, 'मॅट्रिक्स' आणि गेमिंग अशा तिन्ही वाटा येऊन मिळाल्या होत्या. त्या कुठून कुठून आल्या, ते नीट मांडावं असं तेव्हापासून मनात होतं.

संथ गती ही सिनेमातली जुनी युक्ती. कॅमेरा सेकंदाला २४ ऐवजी १२० फ्रेम टिपतो आणि दाखवताना त्या २४ च्याच वेगाने दाखवल्या, की एका सेकंदाचे पाच होतात. पण मारामारीत ती का वापरायची, हे पहिल्यांदा लख्ख कळतं ते अकिरा कुरोसावा यांच्या १९५४ च्या 'सेव्हन समुराई'मध्ये. मुलाला ओलीस धरलेला चोर झोपडीतून बाहेर येतो आणि संथ गतीत कोसळतो. बघणाऱ्या गावकऱ्यांचे शॉट मात्र नेहमीच्या वेगातले. त्यामुळे मरण जड वाटतं, त्याला वजन येतं. पुढे आर्थर पेन यांनी 'बॉनी अँड क्लाइड'च्या (१९६७) शेवटी वेगवेगळ्या गतींनी फिरणारे कॅमेरे एकाच वेळी लावले. १९६९ मध्ये सॅम पेकिनपा यांनी 'द वाइल्ड बंच'च्या शेवटच्या गोळीबारात तेच तंत्र टोकाला नेलं.

पेकिनपांचे चित्रपट मनापासून पाहणाऱ्यांपैकी एक होते जॉन वू. त्यांचं लहानपण हाँगकाँगच्या झोपडपट्टीत गेलं. १९५३ मध्ये शेक किप मेई वस्तीला लागलेल्या आगीत जे हजारो लोक बेघर झाले, त्यांत त्यांचंही कुटुंब होतं. त्यांना आवड होती गाण्या-नाचांच्या चित्रपटांची, आणि ती त्यांच्या गोळीबारात दिसते. १९८६ च्या 'अ बेटर टुमारो'ने हाँगकाँगमध्ये कमाईचा विक्रम केला आणि लांब कोटातला चाउ युन-फॅट घराघरांत पोहोचला. 'द किलर' १९८९ चा, 'हार्ड बॉइल्ड' १९९२ चा. वू यांचा नायक दोन पिस्तुलं घेऊन आडवा उडी मारतो, हवेत असतानाच गोळ्या झाडतो, आणि ती उडी आपण संथ गतीत पाहतो. पेकिनपांकडे माणूस मरताना वेळ मंदावतो. वू यांच्याकडे तो लढतानाच मंदावतो. माझ्या मते पुढच्या सगळ्या गेम्सची बीजं या एका बदलात आहेत.

'हार्ड बॉइल्ड'मधला इस्पितळाचा प्रसंग ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी जरूर पाहावा. जवळपास तीन मिनिटांचा सलग शॉट. दोन पोलीस एक मजला साफ करत जातात, लिफ्टमध्ये शिरतात, दोन वाक्यं बोलतात, दार उघडतं आणि दुसऱ्या मजल्यावर पुन्हा सुरू. खरं तर मजला एकच होता. नट लिफ्टमध्ये बोलत उभे असताना बाहेर लोकांनी धावपळ करून तोच सेट पुसून, बदलून दुसरा मजला केला. गेम खेळणाऱ्याला हे ओळखीचं वाटेल. आपण लिफ्टमध्ये उभे असतो आणि मागे पुढची लेव्हल लोड होत असते, हे कित्येक गेम्सनी नंतर केलं. वू यांनी ते माणसांच्या हातांनी केलं होतं.

आता 'मॅट्रिक्स'. दिग्दर्शक वाचोव्स्की भावंडांनी हाँगकाँगचे चित्रपट नुसते पाहिले नाहीत, तिथला माणूसच बोलावला. मारामाऱ्या बसवल्या युएन वू-पिंग यांनी, आणि नटांना चित्रीकरणाआधी चार महिने तालीम करायला लावली. (रजनीकांतच्या २०१० च्या 'रोबोट'मधल्या हाणामाऱ्यांतही याच युएन वू-पिंग यांचा हात आहे.) पण लोकांच्या लक्षात राहिला तो गच्चीवरचा क्षण. नायक निओ (रीव्हज) मागे झुकतो, गोळ्या त्याच्यावरून जातात आणि कॅमेरा त्याच्याभोवती फिरतो.

या क्षणाचं मूळ पार एकोणिसाव्या शतकात आहे. १८७८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या पालो अल्टोला एडवर्ड मायब्रिज यांनी धावपट्टीच्या कडेला १२ कॅमेरे ओळीने मांडले. घोडा धावत गेला तसे वाटेतले दोरे ओढले गेले आणि एकेक कॅमेरा फोटो टिपत गेला. धावताना घोड्याचे चारही पाय एका क्षणी जमिनीवरून सुटतात, हे त्यातून दिसलं. शंभरेक वर्षांनी, १९८० च्या दशकात, ब्रिटिश कलाकार टिम मॅकमिलन यांनी कॅमेऱ्यांची अशीच रांग वाकवून वर्तुळात आणली आणि सगळे एकाच क्षणी उघडले. वेळ थांबला आणि बघणारा त्या थांबलेल्या क्षणाभोवती फेरी मारू शकला. नव्वदच्या दशकात जाहिराती आणि गाण्यांच्या व्हिडिओंमधून ही युक्ती लोकांच्या नजरेला पडू लागली होती.

'मॅट्रिक्स'चे दृश्य-परिणाम सांभाळणारे जॉन गेटा यांनी याच दोन कल्पना जोडल्या. हिरव्या पडद्यांच्या मध्ये सुमारे १२० स्थिर कॅमेरे ठरलेल्या वळणावर बसवले, दोन टोकांना दोन चलत्‌चित्र कॅमेरे ठेवले. कॅमेरे सगळे एकदम न उघडता एकामागून एक, अगदी किंचित अंतराने उघडत गेले. त्यामुळे वेळ थांबला नाही, सरपटत पुढे गेला. दोन फोटोंमधल्या गाळलेल्या फ्रेम संगणकाने भरल्या. मागची शहराची पार्श्वभूमीही खऱ्या फोटोंवरून संगणकात उभी केली होती. बर्कलीमध्ये पॉल डेबेवेक यांनी १९९७ मध्ये फोटोंवरून इमारती उभ्या करून दाखवल्या होत्या, तीच ही पद्धत. चित्रपटाला मिळालेल्या चार ऑस्करांपैकी एक दृश्य-परिणामांसाठी होतं.

आपल्याकडे बहुतेकांची समजूत अशी, की गेम्सनी हे 'मॅट्रिक्स'वरून उचललं. मीही कित्येक वर्षं तेच मानत होतो. पण तारखा वेगळं सांगतात.

फिनलंडमध्ये १९९५ साली रेमेडी नावाची कंपनी निघाली. ती काढणारी मुलं फ्युचर क्रू या गटातली. संगणकाकडून त्याच्या आवाक्याबाहेरची चित्रं आणि संगीत काढून घ्यायचं, हा त्यांचा छंद. पहिला गेम 'डेथ रॅली' १९९६ चा, गाड्यांच्या शर्यतींचा. त्यानंतर त्यांनी 'मॅक्स पेन' हाती घेतला. वू यांच्या चित्रपटांनी ते भारले होते, आणि गेमचा पहिला ट्रेलर १९९८ मध्ये आला. 'मॅट्रिक्स' अमेरिकेत लागला ३१ मार्च १९९९ ला. हाँगकाँगमधल्या एकाच झऱ्यावर एकाच वेळी दोघं पाणी भरत होते, एक सिडनीतल्या स्टुडिओत आणि दुसरा फिनलंडच्या बर्फात. 'मॅक्स पेन' प्रत्यक्षात आला २००१ च्या जुलैमध्ये. तोवर 'मॅट्रिक्स'मधल्या त्या संथ क्षणाचं 'बुलेट टाइम' हे नाव सगळ्या जगाला पाठ झालेलं होतं, म्हणून गेम नक्कल ठरला. हा अन्याय होता, आणि तो मला अजून बोचतो.

मी तो पहिल्यांदा खेळलो डोंबिवलीतल्या एका सायबर कॅफेत. बाकी सगळ्या पीसींवर काउंटर-स्ट्राइक चालू, आरडाओरडा, आणि कोपऱ्यात मी न्यूयॉर्कच्या हिमवादळात. बायको आणि तान्ही मुलगी मारली गेलेला पोलीस, त्याची ही गोष्ट. माऊसचं उजवं बटण दाबलं की मॅक्स बाजूला झेपावतो आणि सगळं मंदावतं. आवाज जाड होतात, रिकामी काडतुसं हवेत गिरक्या घेतात, आणि गोळी दिसते. खरोखर दिसते.

ती का दिसते, यात या गेमचं मोठेपण आहे. त्या काळच्या बहुतेक गोळीबाराच्या गेम्समध्ये गोळी नसायचीच. बटण दाबताक्षणी गेम बंदुकीपासून एक अदृश्य सरळ रेष ओढायचा आणि लागली की नाही ते तिथल्या तिथे ठरवायचा. अशा गेममध्ये वेळ संथ करून उपयोग काय, बघायला काही नाहीच. रेमेडीने प्रत्येक गोळी वस्तू म्हणून बनवली. तिला जागा आहे, वेग आहे, वाट आहे. म्हणून तिच्या वाटेतून बाजूला होता येतं. आणखी एक बारकावा: जगाचं घड्याळ मंदावतं, मॅक्सची हालचालही मंदावते, पण आपला माऊस नेहमीच्याच वेगाने फिरतो. हात मोकळा, नजर मोकळी. सिनेमात संथ गती डोळ्यांसाठी असते. इथे ती विचार करायला दिलेली उसंत आहे. तीन जण समोर, आधी कोण? तो जिन्यातला की दारामागचा? ती उसंतही मोजून मिळते. पडद्याच्या कोपऱ्यात वाळूचं घड्याळ असतं, ते रिकामं होतं आणि शत्रू मारले की पुन्हा थोडं भरतं. घाबरून आधीच उधळलं, तर नेमक्या वेळी हाताशी काही उरत नाही.

नट घ्यायला पैसे नव्हते. म्हणून कथा लिहिणारे सॅम लेक स्वतःच मॅक्सचा चेहरा झाले, आणि गेममधल्या मुख्य खलनायिकेला चेहरा दिला त्यांच्या आईने. बाकी पात्रांत मित्र आणि सहकारी. चलत्‌चित्रांऐवजी कॉमिकच्या चौकटी वापरल्या. त्यांवर जेम्स मॅकॅफ्री यांचा थकलेला, खरखरीत आवाज. हा आवाज नसता तर मॅक्स नुसता झेपावणारा बाहुला राहिला असता.

नंतर हे सगळीकडे पसरलं. २००३ च्या 'एंटर द मॅट्रिक्स' गेमसाठी वाचोव्स्कींनी खास प्रसंग लिहिले आणि चित्रित केले. २००५ च्या 'फिअर'मध्ये कचेरीच्या बोळांत धूळ, काच आणि कागद संथ गतीत उडाले. २००७ मध्ये तर जॉन वूच गेममध्ये आले. मिडवे कंपनीचा 'स्ट्रँगलहोल्ड' हा 'हार्ड बॉइल्ड'चा पुढचा भाग, आणि त्यात चाउ युन-फॅटचाच चेहरा आणि आवाज. चित्रपटात तो जिन्याच्या कठड्यावरून घसरत गोळ्या झाडतो, इथे तो कठडा आपल्या ताब्यात येतो. पण गेम म्हणून तो मला 'मॅक्स पेन'पेक्षा पातळ वाटला. फोडायला वस्तू ढीगभर, पण मनात साठत काहीच नाही.

खरी नवी उडी मारली २०१६ च्या 'सुपरहॉट'ने. २०१३ मध्ये सात दिवसांत गेम बनवण्याच्या एका उपक्रमात पोलंडमधल्या मुलांनी त्याचा पहिला नमुना केला. नियम एकच: तुम्ही हललात तरच वेळ पुढे सरकतो. थांबलात की गोळी हवेत लटकते. लढाईचं बुद्धिबळ होतं. बटण नाही, वाळूचं घड्याळ नाही. रेमेडीने दिलेली उसंत इथे संपूर्ण गेम झाली.

सिनेमात मात्र संथ गतीचा अतिरेक झाला. कोणीही काहीही संथ गतीत करू लागलं. दुसऱ्या बाजूला थरथरता कॅमेरा आणि भराभर कट आले. कोण कुठे उभा आहे, कोणी कोणाला मारलं, काही कळेना. २०१४ चा पहिला 'जॉन विक' मला आवडला तो या दोन्हींतून सुटला म्हणून. स्टाहेल्स्कींनी कॅमेरा मागे घेतला, शॉट लांबवले, आणि नायकाच्या बंदुकीतल्या गोळ्या संपतात, भराव्या लागतात, हे दाखवलं. खोली कुठे संपते, दार कुठे, शिल्लक किती, हे सगळं बघणाऱ्याला सतत माहीत. गेम खेळताना आपण याच गोष्टी धरून बसलेलो असतो. संथ गती त्यात जवळपास नाही, तरी वू आणि रेमेडी यांची शिकवण आहे. आणि नऊ वर्षांनी स्टाहेल्स्कींचाच कॅमेरा छतावर गेला.

आता वाट आहे रिमेकची. 'मॅक्स पेन'चे हक्क २००२ मध्ये अमेरिकेतल्या टेक-टू या गेम कंपनीने विकत घेतले होते. एप्रिल २०२२ मध्ये रेमेडी आणि टेक-टूच्याच रॉकस्टारने मिळून जाहीर केलं, की पहिले दोन्ही भाग एकत्र करून नव्याने बनवणार. मला चित्रांची काळजी नाही, ती उत्तमच असतील. मी आधी पाहीन ती गोळी, तिला अजून जागा, वेग आणि वाट आहे का ते. आणि ऐकेन आवाज. ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेल्या रेमेडीच्याच 'अ‍ॅलन वेक २'मध्ये अ‍ॅलेक्स केसी नावाचा एफबीआय एजंट आहे. चेहरा सॅम लेकचा, आवाज मॅकॅफ्रींचा, म्हणजे बावीस वर्षांपूर्वीचीच जोडी. त्या डिसेंबरमध्ये मॅकॅफ्री गेले. मी बातमी वाचली आणि रात्री जुना गेम लावला. हिमवादळ, भुयारी रेल्वेचं स्टेशन, आणि त्यांचा तो आवाज.