तेलकट क्यूआर आणि सात चिंचोके

भाचीने एम.टेक.ला डिजिटल कम्युनिकेशन आणि नेटवर्किंग घेतलंय हे बारशाच्या पंगतीत जाहीर झालं, तेव्हा समोरच्या पानावरून पहिला प्रश्न आला, "म्हणजे वायफाय बसवायला शिकवतात का गं?" त्यावर ती नुसती हसली. दुसरा प्रश्न तिच्या काकांचा होता. "आता सगळं डिजिटल झालंय. डिजिटलमध्ये चूक होतच नाही. मग दोन वर्षं शिकायला उरलं काय?" आता मात्र मलाच राहवेना आणि पानातली जिलबी मऊ पडेपर्यंत मी बोलत राहिलो. तेच इथे जरा नीट लिहितो.

डिजिटलमध्ये चूक होत नाही हे साफ खोटं आहे. तार तीच आणि हवाही तीच. लहरी भिंतींवर आपटून येतात, शेजाऱ्याचा राउटर मध्येच बोलतो, आणि आपल्या फोनच्या आतल्या इलेक्ट्रॉनांची खुसखुस तर कायमचीच. पाठवलेल्या १ चा ० होतो, ० चा १ होतो. जुन्या ट्रंककॉलवर हा गोंधळ खरखर बनून कानावर यायचा आणि आपण ओरडून विचारायचो, "ब बदकाचा की व वडाचा?" आज तो ऐकू येत नाही, कारण आपल्यापर्यंत पोचण्याआधीच हिशेब करून तो निस्तरलेला असतो. हा हिशेब माझा लाडका विषय.

गोष्ट १९४७ची. अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये रिचर्ड हॅमिंग या गणितज्ञाला रिलेवर (विजेने उघडझाप करणाऱ्या खटक्यांवर) चालणारा संगणक मिळायचा तो शनिवार-रविवारी. यंत्राला आपली चूक झाल्याचं कळायचं. एरवी ऑपरेटर येऊन ती दुरुस्त करायचे. सुट्टीच्या दिवशी कुणीच नसल्याने यंत्र ते काम टाकून पुढचं हाती घ्यायचं. लागोपाठ दोन सोमवारी हॅमिंगच्या हाती भोपळा आला. तो वैतागला. चूक झाली एवढं जर यंत्राला कळतं, तर ती कुठे झाली हे का कळू नये? उत्तर त्याने १९५० साली छापलं.

चूक झाली आहे, एवढंच ओळखणं सोपं आहे. संदेशातले १ मोजायचे आणि शेवटी एक जादा अंक असा जोडायचा की एकूण १ सम व्हावेत. पोचल्यावर विषम निघाले तर वाटेत गडबड झाली. पण कुठे? ते मी भाचीला आजीच्या डब्यातले सारीपाटाचे फोडलेले चिंचोके घेऊन दाखवलं. पांढरी बाजू वर म्हणजे १, तपकिरी म्हणजे ०.

सात जागा आखा. पाठवायचा संदेश १०११. तो ३, ५, ६, ७ या जागांवर ठेवा. उरलेल्या १, २ आणि ४ या जागांवर राखणदार बसतील. पहिल्या जागेवरचा राखणदार १, ३, ५, ७ या जागांवर नजर ठेवतो. दुसऱ्या जागेवरचा २, ३, ६, ७ वर, चौथ्या जागेवरचा ४, ५, ६, ७ वर. प्रत्येकाने आपल्या चौकडीत पांढरे चिंचोके सम राहतील असं आपलं तोंड वर किंवा खाली करायचं. करून पाहा, रांग ०११००११ अशी लागते.

आता मी डोळे मिटले आणि भाचीने गुपचूप एक चिंचोका उलटा केला. रांग झाली ०११०००१. पहिल्या राखणदाराच्या चौकडीत पांढरे दोन, ठीक. दुसऱ्याच्या चौकडीत तीन, तक्रार. चौथ्याच्या चौकडीत एक, तक्रार. तक्रार करणाऱ्यांच्या जागांची बेरीज करा: २ आणि ४ मिळून ६. सहावा चिंचोका उलटा आहे! कुठलीही जागा बिघडवा, राखणदार बिघडला तरी चालेल, बेरीज नेमकं तिकडेच बोट दाखवते. मर्म एवढंच की १ ते ७ पर्यंतचा प्रत्येक आकडा १, २ आणि ४ यांच्या बेरजेतून एकाच प्रकारे तयार होतो. वाण्याच्या वजनांसारखं. हे पहिल्यांदा कागदावर जमलं तेव्हा मी रात्री दीड वाजता घरच्यांना उठवलं होतं. त्यांना त्याचं विशेष काही वाटलं नाही.

भाची मात्र पक्की. तिने पुढच्या खेपेला दोन चिंचोके उलटे केले, तिसरा आणि सहावा. राखणदारांनी मोठ्या आत्मविश्वासाने पाचव्याकडे बोट दाखवलं, तो मी उलटा केला आणि दोनाच्या तीन चुका झाल्या. या पद्धतीची झेप एका चुकीपुरतीच आहे.

इथे काकांनी टोकलं, "हे सगळं आपल्या वेदांच्या घनपाठात आहेच." थोडं आहे, हे मी मान्य करतो. जटापाठ आणि घनपाठ या वेद तोंडपाठ करण्याच्या रीतींत शेजारचे शब्द सुलट, उलट, पुन्हा सुलट म्हणतात. एखादा शब्द निसटला तर लगेच खटकतं. जादा बोलून मूळ जपायचं ही कल्पना त्यात स्पष्ट आहे आणि ती थोर आहे. पण कमीत कमी किती जादा बोलावं आणि त्यातून किती चुका दुरुस्त होतील याचं गणित त्यात नाही. ते विसाव्या शतकातलं आहे. व्हॉट्सअॅपवर पुढे ढकलण्याआधी एवढा फरक लक्षात ठेवावा.

दोन, चार, चाळीस चुका सुधारायच्या तर राखणदारही तालेवार लागतात. पुढचा परिच्छेद चढाचा आहे, दम लागला तर सोडून द्या. १९६० साली आयर्विंग रीड आणि गुस्ताव सॉलोमन यांनी जेमतेम पाच पानांत एक युक्ती मांडली. दोन संख्या पाठवायच्या आहेत. त्यांच्यावरून आलेखकागदावर एक सरळ रेषा ठरते. पाठवताना त्या रेषेवरचे पाच बिंदू पाठवायचे. एक बिंदू वाटेत सरकला तरी उरलेले चार एका रेषेत दिसतात आणि चुकार उघडा पडतो. कोणते बिंदू गहाळ झालेत हे आधीच माहीत असेल तर पाचपैकी तीन गेले तरी चालतं, कारण रेषेला दोन बिंदू पुरतात. जास्त संख्या असतील तर रेषेऐवजी जास्त घाताची बहुपदी. अपूर्णांकांची कटकट नको म्हणून हे सगळं २५६ संख्यांच्या एका बंदिस्त विश्वात चालतं, तिथे बेरीज-गुणाकार केला तरी उत्तर त्या २५६ मध्येच पडतं. प्रत्येक संख्या म्हणजे एक बाइट, म्हणजे आठ बिटांची (०-१ अंकांची) रांग. बाइटमधला एक बिट बिघडो की आठही, चूक एकच धरली जाते, म्हणून सलग पडलेला डाग याला झेपतो. क्यूआर कोडमध्ये हीच पद्धत आहे. तिच्या सर्वांत वरच्या पातळीवर सुमारे ३० टक्के बाइट खराब झाले तरी मजकूर परत मिळतो.

त्याच क्यूआरमध्ये आपल्याकडची दोन नावं लपलेली आहेत. कोपऱ्यातल्या मोठ्या चौकोनांलगत पंधरा बिटांची एक पट्टी असते. आतला मजकूर कुठल्या पातळीवर जपलाय हे ती सांगते. खरी माहिती पाच बिटांची, उरलेले दहा राखणदार. हा कोड 'बीसीएच' घराण्यातला, आणि त्यातला 'बी' म्हणजे राजचंद्र बोस, कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमधून अमेरिकेत गेलेले. 'सी' म्हणजे रायचौधुरी. 'एच' हा फ्रान्सचा ओकेनगेम (स्पेलिंग 'एच'ने सुरू होतं), त्याला हेच स्वतंत्रपणे सुचलं होतं. १९५९ साली बोस, शरदचंद्र श्रीखंडे आणि पार्कर यांनी लॅटिन चौरसांबद्दलचं (ज्यांच्या प्रत्येक ओळीत आणि प्रत्येक स्तंभात प्रत्येक चिन्ह एकदाच येतं) गणितज्ञ ऑयलरचं पावणेदोनशे वर्षांचं अनुमान खोटं पाडलं. हे श्रीखंडे पुढे मुंबई विद्यापीठात गणिताचे विभागप्रमुख झाले. चौरसांचं ते गणित आणि कोडचं गणित हे सख्खे शेजारी. भाचीच्या अभ्यासक्रमात दोन्हीकडून पाहुणे येतात.

नेटवर्किंगच्या अर्ध्या भागात दुसरा उपाय शिकवतात: पाकीट, म्हणजे संदेशाचा एक तुकडा, बिघडलं किंवा हरवलं तर पुन्हा मागवा. वेबपानाला हे चालतं. व्हिडिओ कॉलवर मागवलेलं येईपर्यंत समोरचा पुढचं वाक्य बोलून मोकळा होतो. व्हॉयेजर-१ या दूरच्या अंतराळयानापर्यंत तर प्रकाशालाच एका बाजूने २२ तासांहून जास्त लागतात, तिथे "काय म्हणालास?" विचारणं परवडत नाही. मोबाइल नेटवर्क दोन्हींची सांगड घालतं. संदेश उलगडला नाही की फोन अख्खा संदेश परत मागत नाही, आणखी थोडे राखणदार तेवढे मागतो आणि जुन्या-नव्याची बेरीज करून पुन्हा प्रयत्न करतो.

पंगतीनंतर आम्ही दोघं कोपऱ्यावरच्या वडापावच्या गाडीवर गेलो, भुकेने नव्हे. गाडीला टांगलेल्या क्यूआरवर तेलाचे ओघळ, एका कडेला सुक्या चटणीचा थर. भाचीने मधोमध बोटभर झाकलं, स्कॅन झालं. बोट काढून कोपऱ्यातला मोठा चौकोन झाकला, कॅमेरा नुसता चाचपडत राहिला. ते तीन चौकोन हा कोड आहे कुठे आणि कसा फिरलाय हे शोधण्यासाठी असतात, त्यांच्यावर राखणदार नाहीत. तिने गाडीवाल्याकडून फडकं मागून घेतलं आणि तेवढे तीन कोपरे पुसून दिले. "मधलं पण पुसा की ताई," तो म्हणाला. "त्याची गरज नाही," ती म्हणाली आणि दोन वडापावचे पैसे भरले.